अर्जुनाला शेवटी काय मिळालं? (अध्याय १८, श्लोक ७२-७३)



आजचं चिंतन थोडं मोठं आहे, चहा घेऊन बसा. सध्या मी घरी आलोय, खापरखेड्याला. खिडकीतून वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. लहानपणी शाळेच्या चित्रात मी डोंगर काढायचो नाही, चिमण्याच काढायचो. बाबांनी या केंद्रात ३४ वर्षं नोकरी केली. आता ते निवृत्त आहेत. आजचे दोन श्लोक मला नीट समजले ते त्यांच्यामुळेच.

श्लोक काय सांगतात?

गीता संपत आली आहे. ७२व्या श्लोकात भगवंत अर्जुनाला विचारतात : तू हे सगळं मन लावून ऐकलंस ना? तुझा मोह गेला का? ७३व्या श्लोकात अर्जुन उत्तर देतो : मोह गेला, स्मृती परत मिळाली, संशय उरला नाही, आता तुझ्या सांगण्याप्रमाणे करीन.

'स्मृती' हा शब्द मी कित्येक वर्षं नुसता वाचून पुढे जायचो. अर्जुन इथे "मला नवीन ज्ञान मिळालं" असं म्हणत नाही. जे माझंच होतं आणि मी विसरलो होतो, ते आठवलं, असं म्हणतो. म्हणजे ज्याला आपण आयुष्याचा अर्थ म्हणतो, तो बाहेरून आणून बसवायची वस्तू नाही. तो आत कुठेतरी आहे, पण त्यावर राख साचली आहे. (आमच्या गावात राखेची उपमा लगेच कळते!)

माझी चूक

निवृत्तीनंतर पहिले दोन-तीन महिने बाबा मजेत होते. मग हळूहळू गप्प झाले. पहाटे पाचला उठायचे, दाढी करायचे, कपडे घालायचे आणि ओसरीत खुर्चीवर बसून राहायचे. शिफ्ट बदलायच्या वेळी रस्त्यावरून जाणारी माणसं बघायचे. जेवण कमी झालं. आई फोनवर म्हणायची, "बाबू, तुझे बाबा बोलतच नाही रे आता."

मी पुण्याहून फोनवर काय करायचो? सल्ले द्यायचो. बाबा, फिरायला जात जा. बाबा, मंदिरात जा. बाबा, गीता वाचा, मी पीडीएफ पाठवतो. एकदा तर चिडून म्हणालो, "तुम्हाला काय कमी आहे? पेन्शन आहे, घर आहे." ते एवढंच म्हणाले, "कमी काही नाही रे. पण मले आता उठून करायचं काय आहे, सांग?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर माझीही तीच गत होती. पगार चांगला, काम चालू, पण रविवारची संध्याकाळ आली की छातीत पोकळी वाटायची. शेवटी नागपूरच्या एका मानसशास्त्रज्ञ मॅडमकडे मी ऑनलाइन समुपदेशन सुरू केलं. गेलो होतो स्वतःसाठी, पण तिसऱ्याच भेटीत विषय बाबांवर आला.

त्यांनी विचारलं, "तुम्ही बाबांना एवढं सगळं सांगितलंत. त्यांना विचारलंत काय?"

रविवारचा रिकामेपणा

मॅडमकडून मला व्हिक्टर फ्रँकल यांची ओळख झाली. १९०५ साली व्हिएन्नात जन्मलेले हे मनोविकारतज्ज्ञ. ज्यू असल्यामुळे १९४२ ते १९४५ या काळात ते नाझींच्या चार छळछावण्यांत होते, त्यांत ऑशविट्झही होती. आई, वडील, भाऊ, पत्नी सगळे गेले. सुटका झाल्यावर त्यांनी आपले अनुभव पुस्तकात मांडले आणि त्यांची 'लोगोथेरपी', म्हणजे अर्थाच्या शोधातून उपचार, जगभर पोहोचली.

त्यांच्या विचारातल्या तीन गोष्टी मला फार उपयोगी पडल्या.

पहिली : आठवडाभराची धावपळ थांबली की आतला रिकामेपणा वर येतो. याला त्यांनी रविवारशी जोडलेलं नावच दिलं होतं. वाचलं आणि वाटलं, अरे, हा तर माझाच बग रिपोर्ट आहे! मग लक्षात आलं की निवृत्ती म्हणजे न संपणारा रविवार.

दुसरी : युद्धाच्या आधी फ्रँकल यांनी व्हिएन्नातल्या बेकार तरुणांमध्ये काम केलं. त्या मुलांच्या मनात एक समीकरण बसलं होतं : काम नाही म्हणजे मी निरुपयोगी, आणि मी निरुपयोगी म्हणजे जगण्यात अर्थ नाही. फ्रँकल यांनी त्यांना ग्रंथालयात, प्रौढांच्या वर्गांत, तरुणांच्या संस्थांत बिनपगारी काम करायला लावलं. खिशात पैसे आले नाहीत, पोटाची भूक तशीच राहिली, पण उदासी उतरली. म्हणजे माणसाला नोकरीपेक्षाही जास्त लागतं ते कुणाच्या तरी उपयोगी पडणं.

तिसरी : अर्थ सापडायच्या तीन वाटा आहेत. आपण जगाला काही देतो, ती एक. जगाकडून प्रेम, सौंदर्य, सत्य असं काही घेतो, ती दुसरी. आणि जे दुःख टाळताच येत नाही, त्याच्यासमोर कसं उभं राहायचं हे ठरवतो, ती तिसरी. पहिल्या दोन वाटा बंद झाल्या तरी तिसरी कुणी हिरावून घेऊ शकत नाही.

पण डॉक्टर कुणाला अर्थ लिहून देऊ शकत नाही, हे फ्रँकल यांनी स्पष्ट सांगितलं आहे. तो ज्याचा त्यानेच शोधायचा. समुपदेशक फक्त प्रश्न विचारतो आणि सोबत बसतो.

भगवंतांनी काय केलं?

आता दुसरा अध्याय उघडा. श्लोक २ आणि ३ मध्ये भगवंत अर्जुनाला चक्क झापतात : ही कुठली दुर्बलता, सोड आणि ऊठ. याचा परिणाम काय झाला? काहीच नाही! अर्जुन उठला नाही, उलट वाद घालू लागला. मी फोनवर बाबांना जे म्हणत होतो, ते सगळं या दोन श्लोकांत बसतं.

मग सातव्या श्लोकात अर्जुन स्वतः म्हणतो की मी गोंधळलोय, मी तुझा शिष्य आहे, मला शिकव. नवव्यात तो गप्प होतो. दहाव्यात भगवंत हसल्यासारखे होतात आणि मगच, अकराव्या श्लोकापासून, खरी शिकवण सुरू होते. पुढे अर्जुन कितीतरी वेळा अडवतो, शंका काढतो, आणि भगवंत प्रत्येक वेळी ऐकून घेतात. अठराव्या अध्यायाच्या ६३व्या श्लोकात तर म्हणतात : मी सांगायचं ते सांगितलं, आता पूर्ण विचार कर आणि तुला वाटेल तसं कर.

साक्षात परमेश्वर समोर उभा आहे आणि तोसुद्धा निर्णय लादत नाही. मग मी कोण लागून गेलो?

मुक्तांगणचा धडा

आपल्या महाराष्ट्रातलं एक उदाहरण सांगतो. १९८६ साली पुण्यात डॉ. सुनंदा (अनिता) आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने. तिथली मला सगळ्यात भावलेली गोष्ट म्हणजे, जे स्वतः व्यसनातून बाहेर आले, त्यांच्यातलेच अनेक जण पुढे तिथे काम करू लागले. ज्या भूतकाळाची लाज वाटायची, तोच नवीन आलेल्या माणसाला धीर द्यायला कामी आला. 'तू कसा सुटलास?' असं कुणी विचारलं की स्वतःच्या जखमेलाही अर्थ येतो.

ओसरीतला पेचकस

मॅडमनी मला एकच काम दिलं होतं. सल्ला द्यायचा नाही, एक प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं.

मागच्या खेपेला घरी आलो तेव्हा रात्री ओसरीत विचारलं, "बाबा, इतक्या वर्षांत ड्युटीवर तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडायचं?"

बराच वेळ काहीच नाही. माझा हात दोनदा मोबाईलकडे गेला, मी तो मागे घेतला. मग बाबा म्हणाले, "आवाज."

पुढे ते जवळजवळ तासभर बोलले. नाईट शिफ्टला पंपाच्या बेअरिंगवर लांब पेचकस टेकवायचा, दांडा कानाला लावायचा, आणि मीटरवर काही दिसायच्या आधीच कळायचं की हे बेअरिंग जाणार. नवीन पोरांना ते हेच शिकवायचे. "पोरगं पहिल्यांदा बरोबर ओळखायचं ना, त्याच्या चेहऱ्याकडं पाहून मले बरं वाटे," ते म्हणाले. आई दारात उभी राहून ऐकत होती.

मी काहीही सुचवलं नाही. उन्हाळा तोंडावर होता. काही दिवसांनी शेजारच्या काकूंचा कूलर बंद पडला, बाबांनी पंप खोलून दिला. मग गल्लीतले दोन आयटीआयचे मुलगे येऊन बसायला लागले. आता ओसरीत तीन-चार मोटारी पडलेल्या असतात, आई ओरडते, आणि बाबा पोरांना सांगतात, "हात नंतर लाव, आधी ऐक."

सगळं बदललं असं नाही. अजूनही काही दिवस ते नुसते बसून असतात. पण पहाटे पाचला उठण्याला आता कारण आहे. अठराव्या अध्यायाचा ४६वा श्लोक सांगतो की आपल्या कर्मानेच त्या परमेश्वराची पूजा करायची. मला आता वाटतं, कूलरचा पंपही त्या पूजेत बसतो.

आणि माझं काय? मॅडमनी मलाही तेच विचारलं होतं. मला आठवली माझी आजी. तिला वाचता येत नव्हतं. मी पाचवीत असताना तिला रोज संध्याकाळी गीताईचं एक पान वाचून दाखवायचो, आणि ती मध्येच थांबवून विचारायची, "म्हणजे काय रे?" तुमच्यासाठी रोज लिहायला सुरुवात केली ती या आठवणीतून. नोकरी तीच आहे, पण रविवारची संध्याकाळ आता तेवढी रिकामी नसते.

एक महत्त्वाची गोष्ट

उदासी दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली, झोप-भूक गेली, किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर चिंतनावर भागवू नका. डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. अर्जुनानेही मदत मागितलीच होती, आणि तो काही कमी शूर नव्हता.

आजचा अभ्यास

१. घरातल्या एका मोठ्या माणसाला विचारा : तुम्हाला सगळ्यात जास्त कशात आनंद वाटायचा? मग दहा मिनिटं मध्ये बोलू नका.
२. स्वतःच्या वहीत लिहा : कोणत्या कामात मी वेळ विसरायचो, आणि ते कुणाच्या उपयोगी पडायचं?
३. झोपण्यापूर्वी १८व्या अध्यायाचे ७२ आणि ७३ हे श्लोक सावकाश वाचा.

हे भगवंता, जे विसरलोय ते आठवू दे. आणि दुसरा आठवत असेल तेव्हा मला गप्प बसायची बुद्धी दे.

उद्या भेटूया. जय श्रीकृष्ण!