थुंकीतील जनुकाची साक्ष

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉक यांनी १८८२ साली दाखवला. तरी निदानाची भिस्त दीर्घकाळ सूक्ष्मदर्शकावरच राहिली. एक मिलिलिटर थुंकीत सुमारे ५ ते १० हजार जंतू असल्याखेरीज ते काचपट्टीवर सहसा दिसत नाहीत. प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहावे, तर कित्येक आठवडे जातात. तोवर रोग घरभर पसरतो.

जनुकीय चाचणी जंतूच्या डीएनएचा ठरावीक तुकडा हेरून त्याच्या असंख्य प्रती काढते. त्यामुळे थोडे जंतूही सापडतात. गोव्यात तयार झालेले ‘ट्रूनॅट’ यंत्र बॅटरीवर चालते व सुमारे तासाभरात निदान देते. आणखी तासाभरात रिफाम्पिसिन हे औषध लागू पडेल की नाही, तेही कळते. २०११ च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी तपासलेल्या सर्व औषधांना दाद न देणारा क्षय नोंदवला, हे ध्यानात घेता या माहितीचे मोल उमगते.

अर्थात मेलेल्या जंतूंचा डीएनएही चाचणीत उतरतो. म्हणून रोग बरा झाला की नाही, हे तिच्यावरून ठरवत नाहीत.

आपल्या खारघरच्या उंच इमारतींत काय किंवा त्या बांधणाऱ्या मजुरांच्या वस्तीत काय, कोंदट हवा सारखीच घातक. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला लाजेपोटी लपवला, तर यंत्र तरी काय करणार?