कला शाखेचा विद्यार्थी आणि संगणक

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत एक प्रश्न हटकून विचारला जातो. मुलाने मराठी, इतिहास किंवा पाली घेतले, तर पुढे काय? आम्ही स्वतः कला शाखेचे पदवीधर. हा प्रश्न आम्हालाही विचारला गेला होता. डिजिटल मानव्यविद्या या विषयात त्याचे एक उत्तर आहे. समाजबांधवांना त्याची ओळख व्हावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

विषय काय आहे?

भाषा, इतिहास, धर्म, कला यांचा अभ्यास म्हणजे मानव्यविद्या. त्यासाठी लागणारे ग्रंथ, पत्रे, वृत्तपत्रे, शिलालेख संगणकावर आणणे, त्यांची सूची करणे, त्यांत शोध घेणे, नकाशे मांडणे हा या विषयाचा गाभा होय. रॉबर्टो बुसा या इटालियन धर्मगुरूंनी १९४९ च्या सुमारास आयबीएमच्या यंत्रांवर लॅटिन ग्रंथांची शब्दसूची करायला घेतली. आपल्या देशात कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाने २०१३ मध्ये रवींद्रनाथांची हस्तलिखिते व छापील आवृत्त्या संकेतस्थळावर खुल्या केल्या.

आपल्याला जवळचे उदाहरण इगतपुरीचे आहे. रंगून येथे १९५४ ते १९५६ या काळात सहावी धम्मसंगीती झाली. तिच्यातील पाली तिपिटक विपश्यना विशोधन विन्यासाने देवनागरीत छापले आणि १९९० च्या दशकात सीडीवरही आणले. तोच मजकूर देवनागरी, रोमन, सिंहली, ब्रह्मी अशा अनेक लिपींत वाचता येतो. एखादा शब्द कोठे कोठे आला आहे, हे आता क्षणात दिसते.

यंत्राची मर्यादा

पण यंत्राला अक्षर कळते, अर्थ कळत नाही. धम्मो, धम्मं, धम्मेन ही एकाच शब्दाची रूपे आहेत, हे त्याला शिकवावे लागते. 'धम्म' म्हणजे कोठे शिकवण, कोठे स्वभाव, कोठे केवळ वस्तू, हे ठरवायला पाली जाणणारा माणूसच लागतो. प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः पाली शब्दकोश तयार केला. तो महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या १६ व्या खंडात १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. तो कोश हाताशी असलेला विद्यार्थीच यंत्राला वाट दाखवू शकेल.

आपल्या इतिहासातले उदाहरण घेऊ. २१ व २२ मार्च १९२० रोजी माणगाव येथे परिषद झाली. तेथे राजर्षी शाहू महाराजांनी बाबासाहेबांचे नेतृत्व जाहीरपणे पुरस्कारले. हे माणगाव आपल्या हातकणंगले तालुक्यातले. परंतु रायगड जिल्ह्यात माणगाव आहे, सिंधुदुर्गातही आहे. खूण न करता मजकूर संगणकात भरला, तर ही परिषद नकाशावर कोकणात गेलीच म्हणून समजा! तीच गत आपल्या बावड्याची. महाराजांचा जन्म कसबा बावड्यात लक्ष्मी-विलास राजवाड्यात २६ जून १८७४ रोजी झाला. नुसते 'बावडा' लिहिले, तर गगनबावडाही त्यात मिसळेल. बँकेत आम्ही रोज पाहतो, एकाच माणसाचे नाव दोन तऱ्हेने नोंदले गेले की संगणक त्याची दोन माणसे करतो. इतिहासातही तसेच होते.

आपण काय करावे?

आपल्या घराघरांत जुनी पत्रे, जलशांच्या वह्या, धम्मदीक्षेच्या वेळची छायाचित्रे आहेत. वाळवी आणि महापूर कोणाची गय करीत नाहीत. प्रथम त्यांची छायाचित्रे काढावीत. छायाचित्रात कोण, कोठे, कधी, हे वडीलधाऱ्यांना आजच विचारून लिहून ठेवावे. मजकूर युनिकोडमध्ये टंकित करावा. कारण जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर वाचता येईलच असे नाही. मूळ कागद मात्र कधीही टाकू नये.

या शिक्षणाने नोकरी लागेलच, अशी हमी आम्ही देत नाही. मात्र ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात दर्जा दिला. आता काम करणारे हात हवेत. आपल्या आजोबांच्या छायाचित्राखाली 'अनोळखी इसम' असे कोणी परक्याने लिहू नये, असे वाटत असेल, तर पाली आणि इतिहास घेणाऱ्या मुला-मुलींना नाउमेद करू नका. त्यांच्या हाती पुस्तकाबरोबर संगणकही द्या.

जयभीम!