पगार दर महिन्याला द्यावा लागतो

गाझियाबादच्या अंगाला एक बालगृह आहे आणि त्याच आवारात आठवीपर्यंतची शाळा. संस्था सतत ओढगस्तीत असते. नोएडातली आम्ही काही मराठी कुटुंबं अनेक वर्षं तिथे हातभार लावतो आहोत. मुलांना बघायला गर्दी होऊ नये म्हणून संस्थेचं नाव लिहीत नाही. अशा ठिकाणी मदत कशी करावी याबद्दल जे उमगत गेलं, ते सांगते.

१. आधी कागद बघावेत. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ४१ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक बालगृहाची नोंदणी सक्तीची आहे आणि मूल तिथे ठेवायचं तर बालकल्याण समितीचा आदेश लागतो. चांगली संस्था न रागावता फाईल पुढे ठेवते. टाळाटाळ दिसली तर पैसे न देता उठावं.

२. मग महिन्याचा खर्च विचारावा. इथेच सगळं अडतं. दिल्लीकडे नवरात्राच्या अष्टमी-नवमीला कंजक बसवतात, मुलींना हलवा, पुरी आणि काळे चणे वाढतात. त्या दिवशी बालगृहात दुपारपर्यंत तेच ताट पुन्हा पुन्हा येतं. पितृपक्षात तसंच. डिसेंबरात रजयांचा ढीग लागतो. देणाऱ्यांची श्रद्धा खरी असते, तिला मी नावं ठेवणार नाही. पण जूनमध्ये पारा पंचेचाळिसावर जातो, कूलरची मोटर जळते, पाण्याचा टँकर विकत घ्यावा लागतो, तेव्हा फाटकाशी कुणी नसतं. दूध, गॅस, विजेचं बिल आणि पगार या चार गोष्टींवर घर चालतं. ‘स्वयंपाकवाल्या बाईंचा पगार मी देईन’ म्हणणारा दाता विरळा, कारण पगारावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागत नाही. मुलांजवळ रात्री झोपणाऱ्या बाईंना दोन महिने पगार मिळाला नाही तर त्या नाइलाजाने दुसरीकडे जातात. ज्या मुलाला त्यांच्या कुशीत कुठे झोप लागायला लागली होती, त्याचं आणखी एक माणूस जातं. पैशाअभावी होणारं हे नुकसान कुठल्याच हिशेबात दिसत नाही, म्हणून मी ते पुन्हा पुन्हा सांगत असते.

३. रक्कम लहान असली तरी चालेल, तारीख ठरलेली हवी. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेसाठी कार्यकर्त्या घरोघरी जाऊन भाऊबीज गोळा करत आल्या. थेंबाथेंबाने केवढं काम उभं राहतं ते आपल्या लोकांनी पाहिलेलं आहे. आम्ही बँकेला दरमहाची सूचना देऊन टाकली. त्यामुळे अधीक्षिका दीदी कामाच्या बायकांना पगाराची तारीख सांगू शकतात. शिवाय देणगीवर आयकरात सवलत हवी असेल तर २,००० रुपयांच्या वर रोख देऊन उपयोग नाही.

४. मुलांचे फोटो नकोत. बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाने त्यांची ओळख उघड करायला बंदी आहे. वाढदिवसाचा केक जरूर न्यावा, फोन पिशवीत ठेवावा.

५. सगळीच मुलं आईबापांविना नसतात. बऱ्याच जणांची आई असते, बांधकामावर किंवा धुण्याभांड्याला जाणारी, मुलाला सांभाळणं न झेपलेली. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं कायदाच म्हणतो. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत पात्र मुलाला घरीच वाढवण्यासाठी महिन्याला ४,००० रुपये मिळतात. आमच्यातल्या निवृत्त बँकवाल्या काकांनी असे अर्ज भरून देण्याचं काम अंगावर घेतलं आहे. माझ्या मते आमच्या सगळ्या देणग्यांपेक्षा ते मोलाचं आहे.

६. शाळेला इमारतीआधी शिक्षक द्या. मूल वर्षाच्या मध्यात येतं, दहा वर्षांचं असतं, अक्षरओळख नसते. शिक्षण हक्क कायद्यामुळे त्याला वयानुसार वर्गात घेतात, पण मागचं भरून काढायला रोज कुणीतरी शेजारी बसावं लागतं. मोठ्या मुलांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, तिचं मुख्यालयच नोएडाच्या सेक्टर ६२ मध्ये. परीक्षेची फी आणि गणित शिकवणारं माणूस, एवढ्यावर दहावी पार पडू शकते.

७. परदेशात राहणाऱ्या आपल्या मुलामुलींना संस्थेला पैसे पाठवायचे असतील तर आधी पासपोर्ट विचारा. भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगी धरले जात नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलेलं असेल तर मात्र धरले जातात. मग संस्थेकडे विदेशी देणगी नियमन कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. हे न पाहिल्यास मदत घेणारी संस्थाच अडचणीत येते.

८. अठरा वर्षं पूर्ण झाली की बालगृह सुटतं. पुढची मदत बाल न्याय कायद्यात एकविसाव्या वर्षापर्यंत आहे, पण ती मुलापर्यंत पोहोचायला कुणीतरी पाठपुरावा करावा लागतो. देणगीदारांचं लक्ष लहानग्यांवर असतं, मिसरूड फुटलेल्या मुलाकडे कुणी बघत नाही. नोकरी लागली तरी दिल्लीच्या लक्ष्मीनगरमध्ये खोली घ्यायची तर डिपॉझिट लागतं, ओळखीचं माणूस लागतं, पोलिसांच्या भाडेकरू पडताळणी अर्जात कायमचा पत्ता लागतो. तो रकाना कसा भरायचा, हे मुलगा आपल्याला विचारतो. आमच्या काही घरांनी आता डिपॉझिटसाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवायला सुरुवात केली आहे आणि खोलीच्या मालकाकडे मुलासोबत आमच्यापैकी कुणीतरी जातं.