जुन्या ट्रॅक्टरावरील लोडर उतरण्याचा वेग कसा आवरावा

नवी मुंबई वसविण्यासाठीं १९७० सालापासून त्या वेळच्या ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखालीं आल्या. पनवेल-उरणकडे ज्यांची थोडी भातजमीन उरली आहे, त्यांच्या ट्रॅक्टरास नांगरटीखेरीज माती, रेती व शेणखत उचलण्याचेंही काम करावें लागतें. खाडीच्या भरतीनें खारजमिनीचा बांध फुटला म्हणजे तर मातीची भर त्वरेनें घालावी लागते. अशा वेळीं जुन्या ट्रॅक्टरावर मागाहून बसविलेला लोडर फार उपयोगी पडतो खरा. परंतु भरलेली बकेट धाडकन खालीं येणें ही पुष्कळ लोडरांची खोड असते. बांधाच्या मऊ मातीवर असा हिसका बसला तर पुढचा आंस मोडतो, ट्रॅक्टर कलंडतो, आणि फावडें घेऊन जवळ उभा असलेला गडी जिवास मुकतो. म्हणून या दोषाचें कारण व त्यावरील उपाय आम्ही येथें क्रमानें देत आहों.

कारण.—लोडर वर चढतो तो पंपाच्या जोरानें. खालीं उतरतो तो स्वतःच्या भारानें. लिव्हर खालीं केली कीं जॅकांतील तेल टांकीकडे परतूं लागतें, आणि तें जितक्या लवकर बाहेर पडेल तितक्या वेगानें बकेट उतरते. याचा हिशेब करून पाहूं. जॅकचा आंतील व्यास ६३ मिलिमीटर व दट्ट्याची चाल ६० सेंटिमीटर धरल्यास दोन जॅकांत मिळून सुमारें पावणेचार लिटर तेल मावतें. पंप मिनिटास २० लिटर तेल देत असेल तर लोडर चढण्यास सुमारें ११ सेकंद लागतील. तेंच तेल दोन सेकंदांत बाहेर पडलें तर तो प्रवाह मिनिटास ११२ लिटर, म्हणजे पंपाच्या साडेपांच पटींहून अधिक झाला. यावरून इंजिन मंद केल्यानें उतरण्याचा वेग कां आवरत नाहीं, हें ध्यानांत येईल. तसेंच रिलीफ वाल्व घट्ट केल्यानेंही कांहीं साधत नाहीं. उलट पंप व नळ्या यांवर फाजील ताण पडतो.

दुसरी गोष्ट अशी कीं, एकाच भोकांतून जाणाऱ्या तेलाचा वेग दाबाच्या वर्गमुळाप्रमाणें वाढतो. जॅकवरील भार चौपट झाला तर वेग दुप्पट होतो. म्हणून रिकामी बकेट सावकाश उतरते एवढ्यावरून भरलेलीही तशीच उतरेल, असें समजूं नये.

उपाय.—प्रथम लिव्हर व तिच्या पिना तपासाव्या. पिना झिजल्या असल्यास लिव्हर थोडीशी हलवून तेल बेतानें सोडतां येत नाहीं. बहुतेक ट्रॅक्टरांस मागील लिफ्टच्या उतरण्याचा वेग ठरविणारी मूठ असते. परंतु लोडरास निराळा वाल्व असेल तर त्या मुठीचा येथें उपयोग नाहीं.

खरा उपाय म्हणजे एकेरी रोधक. दुकानांत त्यास ‘वन-वे फ्लो कंट्रोल वाल्व’ म्हणतात. यांतून तेल जॅकाकडे मोकळेपणानें जातें, परततांना मात्र लहान भोकांतून जातें. साधा स्क्रूचा वाल्व दोन्ही दिशांस अडवितो. त्यानें लोडर चढण्यासही वेळ लागतो व तेल व्यर्थ तापतें.

रोधक उचलण्याच्या बाजूच्या नळींतच बसवावा. दाबून खोदणाऱ्या दुहेरी जॅकाच्या दुसऱ्या नळींत तो घातल्यास लोडर आवरत नाहीं, जॅकांत पोकळी मात्र होते. दोन्ही जॅकांस मिळून एक रोधक घालणें असल्यास नळी दुभागण्यापूर्वीं घालावा. प्रत्येक जॅकाच्या तोंडाशींच एकेक सारखा रोधक घट्ट बसविल्यास अधिक बरें. नळी फुटली तरी बकेट एकदम कोसळत नाहीं. दोन रोधक कमीजास्त उघडे ठेवल्यास लोडरची चौकट पिळते.

रोधकाचा स्क्रू प्रथम जवळजवळ बंद ठेवावा आणि बकेट थोडीच उचलून, मग भार वाढवीत, क्रमाक्रमानें सैल करावा. पूर्ण भारासह वरपासून खालपर्यंत सहा-सात सेकंद लागावे, हें प्रमाण आमच्या मतें ठीक आहे. लोडर हळूं चढला व पूर्वीप्रमाणेंच धाडकन उतरला, तर रोधक उलटा बसला असें जाणावें.

सावधगिरी.—नळी सोडण्यापूर्वीं बकेट जमिनीवर टेंकवावी, इंजिन बंद करावें व लिव्हर दोन्हीकडे फिरवून दाब मोकळा करावा. गळती हातानें चाचपूं नये. पुठ्ठा धरून पाहावी. दाबाखालील तेलाची बारीक धार कातडी भेदून आंत शिरते. जखम टांचणीएवढी दिसली तरी त्याच घटकेस रुग्णालय गाठावें.

शेवटीं एवढेंच सांगणें आहे कीं, रोधक वेग आवरतो, भार तोलून धरीत नाहीं. लिव्हर मध्यावर असतांही बकेट हळूहळू खालीं येत असेल तर जॅकाचें सील किंवा वाल्व झिजला आहे. त्याची दुरुस्ती निराळी. आणि रोधक कितीही चांगला असला तरी उचललेल्या लोडराखालीं कोणासही उभें राहूं देऊं नये. बांध पुन्हां घालतां येतो. गेलेला माणूस परत आणतां येत नाहीं.