दगड झालेले फळ

मंडळी, सुतार लाकूड कसे ओळखतो? त्याच्यापुढे ओंडका असतो. पाने नाहीत, फुले नाहीत. मग तो ओंडक्याचे कापलेले तोंड पाहतो. सागाच्या तोंडावर एकात एक वर्तुळे दिसतात. नारळाच्या किंवा शिंदीच्या तोंडावर वर्तुळे नसतात, नुसते ठिपके विखुरलेले असतात. लाकडाची खरी ओळख आतून पटते, बरं का!

हीच विद्या दगडावरही चालते. कशी ते पाहू.

मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्हा आहे. तिथल्या मोहगाव कलान गावाच्या शिवारात दगड झालेली लाकडे आणि फळे सापडली. ती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची आहेत. त्या काळी जमिनीला भेगा पडून तापलेला रस बाहेर येई आणि दूरवर पसरे. तो थिजला, त्याचाच आपल्या महाराष्ट्रातला काळा पाषाण झाला. एक थर थिजल्यावर दुसरा येईपर्यंत पुष्कळ काळ जाई. तेवढ्यात तळी साचत, झाडे वाढत. फळ गळून तळ्यात पडे. पाण्यात गारगोटीचे द्रव्य विरघळलेले असे. ते फळाच्या कणाकणात शिरले आणि तिथेच घट्ट झाले. फळाचा दगड झाला, पण आतली घडण तशीच राहिली.

लखनौचे डॉ. बिरबल साहनी यांनी अशा दगडांचा अभ्यास केला. दगडाची चकती कापतात. ती घासून इतकी पातळ करतात, की उजेड आरपार जावा. मग ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. फळात कप्पे किती? बिया किती? त्या कुठे चिकटल्या आहेत? घरी भेंडी आडवी कापून पाहा, म्हणजे कप्पे कळतील. त्यावरून फळाचे कूळ ठरवतात.

१९४३ साली साहनींनी इथल्या एका फळाला नाव दिले एनिग्मोकार्पॉन, म्हणजे कोड्याचे फळ. त्याचे नाते मेंदीच्या कुळाशी जोडतात. त्याच ठिकाणी एक फूलही सापडले. त्याला वेगळे नाव दिले, कारण फूल आणि फळ फांदीवर एकत्र सापडले नव्हते. घडण ताडून पाहिल्यावर दोन्ही एकाच झाडाची असावीत असे दिसले. आधी वेगळे ठेवावे, पुरावा मिळाला की जोडावे, अशी ही रीत आहे.

याच गावात निपा नावाच्या ताडाचे फळही मिळाले. निपा आज सुंदरबनात, भरतीच्या खाऱ्या चिखलात वाढतो. छिंदवाड्यापासून समुद्र आज शेकडो किलोमीटर दूर आहे. तेव्हा खारे पाणी इथवर जवळ आले असावे, असे हे एक फळ सांगते!

आता माझी चूक सांगतो. मी विदर्भात मास्तर होतो. एका मुलाने नाल्यातून फळासारखा दगड आणला. मी म्हणालो, "अरे, दगडच तो. टाक." त्याने टाकला. पुढे मी ही माहिती वाचली. मुलाला विचारले, तर त्याला जागा आठवेना. नाल्यावर बांधही झाला होता. ते फळ होते की नुसता दगड, हे आता कोणालाच कळणार नाही.

म्हणून सांगतो. असा दगड दिसला तर फोडू नका, विकू नका. प्रत्येक वेडावाकडा दगड काही फळ नसतो, हेही खरे. पण कोणत्या गावात, कोणाच्या शेतात, किती खोल सापडला, ते त्याच दिवशी लिहून ठेवा. मग शाळेत किंवा कॉलेजात दाखवा. जागा ठाऊक नसेल, तर दगडाची निम्मी गोष्ट हरवते. तुम्हाला आता लिहिता येते. माझ्या हातून राहिले ते तुम्ही करा.

प्रश्न
१. सागाच्या आणि नारळाच्या लाकडात काय फरक दिसतो?
२. निपाच्या फळावरून काय समजले?
३. तुमच्या शिवारात असा दगड सापडला, तर वहीत काय काय लिहाल?