पिशव्या टाकू नकोस

लातूर, 27 जून

चि. बाळूस,


काल रात्री आपल्या गल्लीतल्या काकूंचा फोन आला. म्हणाल्या, "तुमच्या भाच्याचं सोयाबीन उगवलंच नाही. तीन एकरांत मोजून घ्यावीत इतकी रोपं. दुकानदारानं दोन पिशव्या बदलून दिल्या आणि कसल्याशा कागदावर सही घेतली म्हणे. आठ दिवस झाले, पोरगं कुणाशी धड बोलत नाही." लगेच तुला फोन लावला, तर तू म्हणालास, "सगळं ठीक आहे आत्या, पाऊस बरा आहे." बाळा, मी पावसाचं विचारलं नव्हतं.

आधी एकाच गोष्टीचं उत्तर दे. सही केलीस का? आणि केली असशील तर कागद वाचून केलीस का? "बियाणं बदलून मिळालं, माझी काही तक्रार नाही" असे कागद मी फार पाहिलेत. शाळेतून निवृत्त झाल्यावर ग्राहक पंचायतीच्या कामाला लागले, तेव्हापासून दर खरिपात एक-दोन तरी समोर येतातच. दोन पिशव्यांची किंमत ती किती! खत गेलं, पेरणीच्या ट्रॅक्टरचं भाडं गेलं, मजुरी गेली, ऐन हंगामातला पंधरवडा हातचा गेला. एवढं सगळं दोन पिशव्यांत फिटलं, असं तू लिहून दिलंस का?

तू गप्प का बसलास तेही मला कळतं. दुकानदार गावचाच, त्याचा मुलगा तुझ्या वर्गातला, आणि तुझे वडील, भाऊ, होते तेव्हापासून खतं-औषधं त्याच्याकडूनच उधारीवर येतात. उद्या त्यानं उधारी बंद केली तर फवारणीचं काय, हेच तुझ्या मनात आलं असणार. पण तक्रार म्हणजे भांडण नव्हे. बियाणं त्यानं घरी तयार केलेलं नाही, पिशवीवर उत्पादक कंपनीचं नाव आहे, आणि तक्रारीत खरा जाब तिलाच द्यावा लागतो. हे त्याला दुकानात उभ्याउभ्या नको, घरी बसून सांग. शहाणा असेल तर तोच तुझ्याबरोबर तालुक्याला येईल.

आता रानाचं. काकू म्हणत होत्या की सोमवारी पाळी घालून दुबार पेरणी करणार आहेस. थांब. पंचनाम्याआधी सगळं रान मोडलंस तर तू कशाच्या जोरावर बोलणार? तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज दे आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घे. तालुक्याची तक्रार निवारण समिती असते, ती शेतावर येते, उगवण मोजते, पंचनामा करते. कंपनीच्या आणि दुकानदाराच्या माणसालाही त्या वेळी बोलावतात. सोयाबीन 15 जुलैपर्यंत पेरता येतं, म्हणजे तुझ्या हाती थोडे दिवस आहेत. समितीला उशीर झालाच आणि वाफसा निघून चालला, तर पेर, पण निदान पाच-सहा तासं तशीच राख आणि त्यांचे फोटो काढून ठेव.

एक तास हातानं उकरून बघ. सोयाबीनचा दाणा नाजूक, त्याचं टरफल पातळ. कंपनी पहिल्यांदा हेच म्हणणार की तुम्ही खोल पेरलं, ओल नव्हती, माती दडपली. म्हणून बी किती खोल पडलंय ते बघ. दोन बोटांच्या आत असेल, दाणा कुजून पिठासारखा चिकट झाला असेल, कोंबाची खूणच नसेल, तर त्याचा जवळून फोटो घे. तुझ्या बांधापलीकडच्या रानात त्याच पावसावर घरचं बियाणं उगवलंय म्हणे. तो फोटोही काढ. तेवढ्यानं ओलीचं निमित्त निम्मं संपतं.

आणि पिशव्या कुठे आहेत? वहिनी त्यांच्या खोळी करून पावसात डोक्यावर घेते हे मला माहीत आहे. तिला सांग, यंदा नको. पिशवीच्या तोंडाच्या शिवणीत जो टॅग असतो, त्यावर लॉट नंबर, चाचणीची तारीख आणि उगवणशक्ती छापलेली असते. सोयाबीनला ती किमान 70 टक्के लागते. पिशवी नेहमी खालून फोडायची ती एवढ्यासाठीच, टॅग आणि शिवण जशीच्या तशी राहते. तळाशी मूठभर दाणे उरले असतील तर बांधून ठेव. बदलून मिळालेल्या पिशव्यांतले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आधी उगवून बघ, मगच पेर. नाहीतर तीच गत दुसऱ्यांदा व्हायची.

नमुना उरला नसला तरी हातपाय गाळू नकोस. आंध्रातल्या शेतकऱ्यांनी राष्ट्रीय बीज निगमाविरुद्ध केलेल्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या होत्या, जानेवारी 2012 मध्ये निकाल लागला. शेतकरी ग्राहकच नाही, पीक घेणं हा त्याचा धंदा आहे, असा एक युक्तिवाद होता, तो न्यायालयानं मानला नाही. दुसरं म्हणजे, सगळं बी रानात टाकणाऱ्या शेतकऱ्यानं तपासणीसाठी नमुना राखून ठेवावा ही अपेक्षाच चुकीची, असं स्पष्ट म्हटलं. त्या लॉटचा नमुना कंपनीकडे असतो, तो तपासायला तिनं पुढे यावं. ही माणसं तुझ्यासारखी शेतकरीच होती रे. आणि 2020 च्या खरिपात आपल्या मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही तेव्हा औरंगाबाद खंडपीठानं आपणहून दखल घेतली होती. तू एकटा नाहीस, आणि तुझ्या पेरणीत खोट होती असंही नाही.

जिल्हा ग्राहक आयोग इथे लातुरातच आहे. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला दाखल करायचं शुल्क लागत नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, दोन वर्षांची मुदत आहे. बियाण्याचा, मशागतीचा खर्च आणि बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई मागता येते. पावती, टॅग, पंचनामा, सातबारा एवढं जमव. अर्ज मी लिहीन. वेळ लागतो, हेही सांगून ठेवते. कायद्यात महिन्यांची मुदत आहे, प्रत्यक्षात तारखा लांबतात. सही केली असलीस तरी सगळं संपलं असं समजू नकोस. कुठल्या अडचणीत, काय सांगून ती घेतली ते आयोगापुढे मांडता येतं. मात्र ते मला आजच कळलं पाहिजे, लपवून नाही.

तुझ्या आजोबांचं, आण्णांचं तुला ठाऊक नाही, तू तेव्हा जन्मलाच नव्हतास. त्यांनी एकदा संकरित ज्वारीचं बी आणलं होतं. ताटं पुरुषभर वाढली, कणसं मात्र पोचट. मी डी.एड.ला होते, घरात लिहिता-वाचता येणारी मीच. 1986 चा ग्राहक कायदा अजून यायचा होता, दाद कुठे मागायची ते कुणालाच माहीत नव्हतं. आण्णा रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायचे आणि एक शब्द बोलायचे नाहीत. आम्हीही विचारलं नाही, त्यांना त्रास नको म्हणून. पुढे दोन वर्षं सावकाराचं देणं फेडण्यात गेली, पण मला पैशाची हळहळ नाही. कुणीतरी त्यांच्याजवळ बसून "आण्णा, सांगा तरी" म्हणायला हवं होतं. ते राहून गेलं, आणि अजून मला त्याची बोच आहे.

म्हणून तू गप्प आहेस हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. भाऊ गेल्यानंतर तुझा हा दुसराच खरीप. सगळं नीट करून दाखवायचं तू मनात धरलं असशील, आणि पहिल्याच पावसात हे. वर इतकं टाकून बोलले ते रागानं नाही रे. पीक बुडालं तर बुडू दे, ते पुन्हा उभं राहतं. पैसे लागले तर माझ्या पेन्शनमधले आहेत, खाजगी कर्जाच्या दारात जाऊ नकोस. गेला असशील तर तेही सांग, मी ओरडणार नाही. आईजवळ रात्री जेवायला बस, तिला खरं काय ते सांग. ती तुला वाटते त्याहून खंबीर आहे.

मी परवा सकाळच्या एसटीनं येते. तोपर्यंत रान मोडू नकोस, दुसऱ्या कुठल्या कागदावर सही करू नकोस, आणि हे पत्र वाचलंस की मला फोन कर. पिकाचं काही सांगितलं नाहीस तरी चालेल, नुसतं बोल.

तुझी,
आत्या