त्यांचा ऑगस्ट, आपला कार्तिक

प्रथम वर्षाच्या वर्गाला भूमध्यसागरी हवामान शिकवताना दरवर्षी फळ्यावर तीच यादी लिहावी लागते : कोरडा उन्हाळा, पावसाळी हिवाळा, ऑलिव्ह, द्राक्षे, लिंबूवर्गीय फळे. एकदा ही यादी संपवून मी सहज सांगितले की पॅरिसची माणसे वर्षभर पै-पै साठवतात आणि ऑगस्ट महिन्यात बायकामुलांसह दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर ऊन खायला जातात. वर्गात हशा पिकला. अंबड तालुक्यातून येणारी एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, "सर, उन्हासाठी पैसे कशाला खर्चायचे? त्यांना म्हणावं, मे महिन्यात आमच्याकडे जालन्याला या. फुकट मिळेल."

त्या दिवशी मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनात राहिला, आणि त्याच वर्षी आमच्या घरी दिवाळीच्या सुट्टीतील सहलीवरून जो वाद झाला त्यामुळे तो अधिकच गंभीरपणे सोडवावा लागला. प्रस्तुत लेख हे त्या विद्यार्थिनीला उशिरा दिलेले उत्तर आहे.

उन्हाला किंमत कशी आली?

दक्षिण फ्रान्सचा किनारा हा काही पूर्वापार सुट्टीचा किनारा नव्हे. १८३४ साली लॉर्ड ब्रूम हे इंग्रज मुत्सद्दी आपल्या आजारी मुलीला घेऊन इटलीकडे निघाले होते. कॉलऱ्याच्या साथीमुळे त्यांना सरहद्दीवर अडविण्यात आले. मागे फिरून ते कान या कोळ्यांच्या लहानशा गावी थांबले, आणि तेथील सौम्य हिवाळा पाहून त्यांनी तेथेच घर बांधले. त्यांच्या मागोमाग धनिक इंग्रज येऊ लागले. १८६४ मध्ये रेल्वे नीस शहरापर्यंत पोहोचली. १८८७ मध्ये स्तेफेन लिएझार या लेखकाने आपल्या पुस्तकाला 'कोत दाझ्यूर', म्हणजे 'निळा किनारा', असे नाव दिले आणि तेच नाव त्या किनाऱ्याला कायमचे चिकटले.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की हे सर्व लोक हिवाळ्यात येत आणि उन्हाळा लागताच परत जात. उन्हाळ्यात समुद्रावर जाण्याची चाल विसाव्या शतकात, १९२० नंतर रुजली. सामान्य कामगाराला ती परवडू लागली ती १९३६ पासून, कारण त्या वर्षी फ्रान्समध्ये कायद्याने दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली व रेल्वेने सवलतीची तिकिटे दिली. तात्पर्य, 'उन्हाचे ठिकाण' ही निसर्गाने आयती दिलेली वस्तू नसून हवामान, रेल्वे आणि रजा या तिघांनी मिळून ती घडविली आहे.

एकच सूर्य, दोन उन्हे

आता त्या विद्यार्थिनीच्या शंकेकडे वळू. पॅरिसला वर्षाकाठी सुमारे १,७०० तास सूर्यप्रकाश मिळतो, तर नीसला सुमारे २,७००. उत्तरेकडील माणसाला दक्षिणेची ओढ का, ते या दोन आकड्यांत आहे. पण नीसचे ऊन आणि जालन्याचे ऊन एक नव्हे. नीस ४३.७ उत्तर अक्षांशावर आहे. तेथे सूर्य कधीच माथ्यावर येत नाही. २१ जूनलाही मध्यान्हीची त्याची उंची ७० अंशांच्या आसपास असते. जालना १९.८ अक्षांशावर असल्याने आपल्याकडे मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या उत्तरार्धात सूर्य अगदी डोक्यावर येतो. शिवाय समुद्र दूर, जमीन काळी आणि उघडी. त्यामुळे मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. ते ऊन खाण्याचे नव्हे, टाळण्याचे आहे.

मग नीसच्या ऑगस्टसारखे ऊन आपल्याकडे कधी व कोठे मिळेल? गणित सोपे आहे. २० ऑगस्टच्या सुमारास नीसला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ५९ अंश उंच असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात १६ अक्षांशावरील मालवणला तो जवळजवळ तितकाच असतो. तोपर्यंत कोकणातील पाऊस सरलेला असतो, आकाश निवळलेले असते आणि समुद्र शांत होत आलेला असतो. म्हणजे त्यांचा ऑगस्ट तो आपला कार्तिक! ठिकाण निवडण्याआधी महिना निवडावा लागतो, हा या अभ्यासाचा पहिला धडा.

पाण्याचा स्वभाव

दुसरा धडा पाण्याचा. फ्रान्सला दोन समुद्र आहेत आणि तेथील जाणते कुटुंब दोहोंतील फरक ओळखून ठिकाण ठरवते. भूमध्य समुद्र जवळजवळ बंदिस्त असल्याने नीसला भरती-ओहोटीतील फरक अर्ध्या मीटरच्याही आत असतो. मात्र तेथील किनारा गोट्यांचा आहे. वाळू हवी तर पश्चिमेला लाँगदोककडे जावे लागते, आणि तिकडे जोराचा कोरडा वारा सोसावा लागतो. उलट बिआरित्झ हे गाव अटलांटिकवर आहे. तेथे लाटा मोठ्या, भरतीही मोठी. तरुण मुलांना फळीवर उभे राहून लाटांवर स्वार होण्याची हौस असते ती तेथे भागते, पण पोहायचे ते पहारेकऱ्यांनी झेंडे लावून आखून दिलेल्या पट्ट्यातच.

आपला पश्चिम किनारा या बाबतीत अटलांटिकच्या जातीचा आहे. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरांपर्यंत जातो. मुंबई-अलिबागकडे उधाणाच्या दिवसांत तो चार मीटरांच्या आसपास असतो. दक्षिणेला मालवण-गोव्याकडे तो दोन-अडीच मीटरांवर येतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे लहान, भरती. मुंबईकडील किनाऱ्यावर जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात : चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. ढोबळ असला तरी हा हिशेब उपयोगी आहे. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीत पायी जाऊन पाहता येतो. तेथे हा हिशेब चुकला तर परतीची वाट पाण्याखाली जाते.

मुलांचे वय

येथवरचा अभ्यास पुस्तकी होता. खरी अडचण घरात होती. चिरंजीव अकरावीत आणि कन्या आठवीत. लहान मुलांना नेऊ तेथे ती येतात; या वयाची मुले येतात खरी, पण सोबत येत नाहीत. आदल्या दोन सहली मी ठरविल्या होत्या. दोन्हींत देवळे आणि किल्ले होते, दोन्हींत मुलगा गाडीतून उतरायला नाखूश होता. या वेळी दोघांनी एकमुखाने समुद्र मागितला. दोघांनीही तोवर समुद्र पाहिलेला नव्हता.

आमच्या सौभाग्यवतींचा समुद्राला ठाम विरोध होता आणि त्याला कारण होते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतील १४ विद्यार्थी बुडून मरण पावले. ती बातमी त्या विसरल्या नव्हत्या. मुलाचे म्हणणे, "मला पोहता येतं." येत होतेही, आजोळच्या विहिरीत तो पाठीला भोपळा बांधून शिकला आणि पुढे काठावरून मुटके मारू लागला. पण विहिरीच्या पाण्याला ओढ नसते, लाट नसते, पायाखालची वाळू सरकत नाही. मराठवाड्यातील मुलाचा सर्वांत मोठा धोका हाच, की त्याला पोहता येत नाही असे नसून, आपल्याला पोहता येते असे त्याला वाटते.

मी मध्यस्थ म्हणून माझे ज्ञान पुढे केले. उधाणाचे दिवस टाळू, कार्तिक शुद्ध अष्टमी गाठू, म्हणजे भरती लहान आणि धोका नाही, असे मी मोठ्या विश्वासाने सांगितले. सौभाग्यवती थोड्या निवळल्या. मुलगा मात्र उठून आत गेला. अर्ध्या तासाने बाहेर आला आणि म्हणाला, "बाबा, मुरूडला ती मुलं गेली त्या दिवशी कोणती तिथी होती, पाहिलंत का? पौष वद्य अष्टमी."

मी स्वतः पंचांग पडताळले. त्याचे बरोबर होते. भांगाच्या दिवशीच ते चौदा जण गेले होते.

पंचवीस वर्षे भूगोल शिकविणाऱ्या माणसाने हा पडताळा आधी घ्यायला हवा होता. तिथीने भरती किती ते कळते. खड्डे कोठे आहेत, ओढ कोणत्या बाजूला आहे, किनाऱ्यावर कोणी पहारेकरी आहे की नाही, हे तिथी सांगत नाही. अष्टमीने धोका कमी होतो, संपत नाही. मुलाने माझे म्हणणे खोडून काढले, पण त्याबरोबर स्वतःचेही खोडले; कारण त्यानंतर "मला पोहता येतं" हे वाक्य त्याच्या तोंडून पुन्हा आले नाही.

निवड

त्यानंतर आम्ही चौघांनी बसून यादी केली आणि प्रत्येक ठिकाणाला चार प्रश्न विचारले : त्या महिन्यात ऊन कसे, पाणी कसे, मुलांना स्वतः करण्याजोगे काय, आणि प्रवास-खर्च किती? बारा वर्षांपुढील मुलांचे रेल्वेला पूर्ण तिकीट पडते, म्हणून चौथा प्रश्न आमच्यासारख्यांना टाळता येत नाही.

अलिबाग-मुरूड सर्वांत जवळचे; जालन्याहून मुंबई रेल्वेने सुमारे ४३५ किलोमीटर आणि पुढे गेटवेहून लाँचने मांडवा. पण भरती मोठी, आणि मुरूडचे नाव घरात कोणी उच्चारायला तयार नव्हते. गणपतीपुळे देवस्थान म्हणून उत्तम, शेजारीच मालगुंड हे केशवसुतांचे जन्मगाव. परंतु तेथील समुद्र स्नानाला धोकादायक मानला जातो. गोव्याला २००८ पासून किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षकांची व्यवस्था आहे, ही मोठी जमेची बाजू. 'गोवा' म्हटले की आपल्या घरांत भुवया उंचावतात. पण सुरक्षिततेच्या रकान्यात त्याला सर्वाधिक गुण द्यावे लागले, हे मी प्रांजळपणे नमूद करतो. राहण्याचा खर्च मात्र आम्हाला जड वाटला.

उरले मालवण. भरती मध्यम, शिवरायांनी बांधलेल्या सिंधुदुर्गात होडीने जाता येते, आणि तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे पाण्याखाली पोहण्याचे शिक्षण देणारे केंद्र आहे. या शेवटच्या मुद्द्यावर निवड झाली. समुद्रात उतरायचे तर शिकविणाऱ्याच्या हाताखाली, तरंगते जॅकेट घालून. एरवी गुडघाभर पाण्यापलीकडे कोणीही जायचे नाही, मीसुद्धा नाही. हा नियम मुलांनी लिहिला आणि आईची सही घेतली.

मुंबईहून कोकण रेल्वेने कुडाळ आणि तेथून एस.टी.ने आम्ही मालवणला पोहोचलो. प्रवासाचे वर्णन करीत नाही. दोनच गोष्टी सांगतो. पहिल्या दिवशी प्रशिक्षकाने मुलाला पाण्यात उतरविले, तेव्हा एका लहानशा लाटेने त्याच्या नाकातोंडात खारे पाणी गेले आणि विहिरीतला पट्टीचा पोहणारा क्षणभर प्रशिक्षकाच्या दंडाला घट्ट धरून राहिला. नंतर तो सावरला, तोंडावर काच आणि नळी लावून खाली पाहू लागला आणि वर यायला तयार होईना. सौभाग्यवती तो सारा वेळ किनाऱ्यावर उभ्याच होत्या.

दुसरी गोष्ट मुलीची. सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. चहूकडे खारा समुद्र आणि मध्ये पिण्याजोगे पाणी! टँकरच्या दिवसांत हंडे धरून उभी राहिलेली ती मुलगी साखरबावेच्या काठावर वाकून बराच वेळ पाहत राहिली. परतताना म्हणाली, "बाबा, पुढच्या खेपेला किल्ला चालेल."

समारोप

विद्यार्थी मित्रहो, आपल्या महाविद्यालयाच्या सहली निघतात तेव्हा 'कोठे जायचे?' हा प्रश्न प्रथम विचारला जातो. माझ्या मते तो शेवटी विचारावा. आधी महिना ठरवावा, मग पाण्याची चौकशी करावी, मग बरोबर येणाऱ्यांचे वय व आवड पाहावी. एवढे झाले की ठिकाण आपोआप पुढे येते. आणि नेणाऱ्याने आपले ज्ञान नेल्या जाणाऱ्यांसमोर तपासायला ठेवावे. माझे ज्ञान एका अकरावीच्या मुलाने अर्ध्या तासात तपासले, म्हणून आमची सहल सुखरूप झाली असे मी मानतो.

अंबडच्या त्या विद्यार्थिनीला पुढच्या तासाला हे सारे सांगितले. तिने वहीत काही टिपले आणि विचारले, "मग सर, फ्रान्सच्या लोकांना कार्तिकात मालवणला बोलवायला हरकत नाही ना?"

हरकत काहीच नाही. फक्त त्यांच्या समुद्राची सवय विसरून त्यांनी आपल्या समुद्रात उतरावे.